सावत्र हा शब्द या घरात चालणार नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून रोज लिहायचं. हेड ऑफिसच्या ट्रेनिंगला आलेल्या बाईंनी सांगितलं, की ज्याच्या घरी असं काही झालंय त्यानं रोज चार ओळी लिहाव्यात, मन हलकं होतं. माझं मन जड नाही. तरी वही आणली. शिस्त म्हणून बरी.

घरची परिस्थिती अशी. ही, म्हणजे माझी बायको, ऑगस्टमध्ये गेली. आता मी आणि कन्या, दोघंच. कन्या हिच्या पहिल्या नवऱ्याची. हे वाक्य इथे एकदाच लिहितोय, क्लॅरिटी म्हणून. यापुढे नुसतं कन्या. वय बावीस, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. मी गाद्यांच्या शोरूमचा मॅनेजर. अनुभव भरपूर.

संकल्प: मार्चअखेर कन्या मला बाबा म्हणेल. विक्रीचा क्वार्टरही तेव्हाच संपतो, दोन्ही टार्गेटं एकदम लक्षात राहतील.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पार्श्वभूमी लिहून ठेवतो.

आमचं लग्न झालं तेव्हा कन्या तेरा वर्षांची होती. पहिल्याच रविवारी मी घरात मीटिंग घेतली. सोफ्यावर त्या दोघी, समोर स्टुलावर मी. दोन नियम सांगितले. एक, सावत्र हा शब्द या घरात चालणार नाही. सावत्र मुलगी नाही, सावत्र बाप नाही, गमतीतसुद्धा नाही. दोन, लग्नाआधी ती मला काका म्हणायची, ते बंद. काका तर लोक दूधवाल्यालाही म्हणतात, लिफ्टमनलाही म्हणतात. मग पर्याय दिले. बाबा, पप्पा, डॅडी. गिऱ्हाइकाला तीनच गाद्या दाखवायच्या, चौथी दाखवली की ते घरी जाऊन विचार करतो म्हणतं.

कन्या म्हणाली, विचार करून सांगते.

हिनं कपाळाला हात लावला. नंतर आत येऊन मला म्हणाली, की अहो, पोरीकडे एक शब्द होता तोही काढून घेतलात. मी म्हटलं, बघच तू.

तेव्हापासून डिसिजन पेंडिंग आहे. हरकत नाही. मोठ्या खरेदीला लोक वेळ घेतातच.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कन्या मला हाक कशी मारते याचं आज निरीक्षण केलं. मारतच नाही. दारात येऊन उभी राहते. मी वर बघितलं की बोलायला लागते.

आज मुद्दाम पेपरात डोकं घालून बसलो. ती येऊन उभी राहिली. मी पान उलटलं. ती उभी. मी हवामान वाचलं, मग टेंडर नोटिसा वाचल्या. शेवटी ती स्वयंपाकघरात गेली आणि एक पातेलं ओट्यावर आपटलं. मी दचकून बघितलं तेव्हा म्हणाली, गॅस संपलाय.

चिकाटी आहे पोरीत. माझ्यावर गेलीय.

रविवार, ९ फेब्रुवारी

थोरल्या बहिणीचा फोन. तिला आम्ही लहानपणापासून हेडबाई म्हणतो. हेडबाईंनी आधी जेवतोस का विचारलं, मग झोपतोस का विचारलं, आणि मग मुद्द्यावर आल्या. म्हणाल्या, सावत्र मुलीला तू किती दिवस सांभाळणार? तिचा बाप चांगला धडधाकट आहे, दातांचा डॉक्टर आहे, त्याच्याकडे जाऊ दे. बायको होती तोवर नातं होतं, आता ती तुझी कोण?

मी सांगितलं, की तो शब्द माझ्या घरात चालत नाही. त्या म्हणाल्या, मी माझ्या घरातून बोलतेय. मी म्हटलं, ऐकू माझ्या घरात येतोय ना! फोन ठेवला.

नंतर बराच वेळ स्टुलावर बसून होतो. विशेष काही नाही, पाय अवघडले होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नवीन टेक्निक. ट्रेनिंगमध्ये शिकवतात की प्रॉडक्टचं नाव गिऱ्हाइकाच्या कानावर सारखं पडलं पाहिजे. त्याप्रमाणे सकाळपासून घरात स्वतःबद्दल बोलताना मी या शब्दाऐवजी बाबा म्हणायला सुरुवात केली.

म्हटलं, बाबांनी चहा ठेवलाय. कन्या दचकून दरवाजाकडे बघायला लागली. मग म्हणाली, कधी आले?

तिला वाटलं दातवाले आलेत. दातवाले म्हणजे तिचे वडील. मी त्यांना तेवढंच म्हणतो, माणूस वाईट नाही. मी खुलासा केला की बाबा म्हणजे मी. ती हो म्हणाली. चहा प्यायली, कप धुतला, गेली.

संध्याकाळी पुन्हा म्हटलं, बाबा आज दमलेत. तिनं विचारलं, त्यांचा फोन आला होता का?

मार्केटमध्ये एकाच नावाचे दोन ब्रँड असले की असं होतं. टेक्निक तात्पुरतं थांबवलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मोठी प्रगती! कन्येचा फोन सोफ्यात कुठेतरी घसरला होता, म्हणून मी माझ्या मोबाईलवरून रिंग दिली. उशीखाली सापडला. स्क्रीनवर माझा नंबर वाजत होता आणि नाव होतं: आई २.

विचारलं. ती म्हणाली, हे सिम आधी आईचं होतं ना, दुसरं, इमर्जन्सीचं. नंतर तुम्ही वापरायला लागलात. बदलायचं राहिलं.

आईच्या खालोखाल नंबर! बाबाच्या यादीत मी नसेन कदाचित, पण आईच्या यादीत सरळ दुसरा. हिला सांगायला पाहिजे असं मनात आलं आणि खरंच आतल्या खोलीकडे चार पावलं गेलो.

मग परत आलो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ऑफिसात संताप. नवीन डिस्प्ले बेड पुन्हा दुसऱ्या ब्रँचला दिले. आम्हाला त्यांचे वापरलेले. हेड ऑफिसला कडक मेल टाकला, की आमच्या शाखेला वर्षानुवर्षं सावत्रपणाची वागणूक मिळत आहे. कॅशवाल्या बाईंनी वाचून म्हटलं, साहेब, तुमच्याकडे हा शब्द चालत नाही ना? मी सांगितलं, बंदी घरापुरती आहे.

पण मग डोक्यात तेच. दुपारी दुकानात कुणी नव्हतं, शोकेसमधल्या बेडवर पडून विचार केला. सावत्र हे मुळात सवतीवरून आलेलं. सवत म्हणजे नवऱ्याची दुसरी बायको. आमच्याकडे बायको एकच, नवरे दोन, तेही एकापाठोपाठ. बायकोच्या दुसऱ्या नवऱ्याला असा भाषेत शब्दच नाही. म्हणजे मुळातून बघितलं तर मी सावत्र ठरूच शकत नाही! गोष्टींतसुद्धा छळ करते ती सावत्र आई. सावत्र बापाची गोष्ट कुणी सांगितल्याचं आठवत नाही. आम्हाला दुष्टपणा करायलाही कुणी बोलावलं नाही.

शिवाय दातवाल्यांना दुसऱ्या बायकोपासून पाच वर्षांची मुलगी आहे. ती कन्येची सावत्र बहीण. तिचं अर्धं रक्त एक, माझा एक थेंब नाही, आणि दोघांना शब्द एकच. भाषेनं जरा तरी दर्जा सांभाळायला हवा होता.

एक गिऱ्हाईक आलं तेव्हा उठलो. त्याला वाटलं डेमो चाललाय.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज दुकानात कोण यावं? दातवाले, त्यांच्या मिसेस आणि ती धाकटी. माणूस नेहमीप्रमाणे अदबीनं बोलला. म्हणाला, दुसरीकडेही गेलो असतो, पण म्हटलं आधी तुमच्याकडे यावं, तुम्हाला आवडलं नाही तर सांगा. मी म्हटलं, अहो, धंदा आहे, आवडायचं काय त्यात!

मुलीसाठी गादी हवी होती. सिंगल. मी लहान मुलांच्या गाद्यांकडे नेलं तर म्हणाले, नाही, पूर्ण साडेसहा फुटी दाखवा. दूरदृष्टीचा माणूस. पोरं वाढतात, आईबाप दर चार वर्षांनी गादी बदलत बसतात. मी तसं कौतुक केलं. त्यांच्या मिसेस काहीतरी बोलणार होत्या, दातवाल्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग मला विचारलं, तुमच्या घरी ती कुठल्या गादीवर झोपते? कन्येबद्दल विचारत होते. मला बरं वाटलं. म्हणजे माझ्या पसंतीला तिथेही किंमत आहे. मी सविस्तर सांगितलं. तिला खूप मऊ चालत नाही. डाव्या कुशीवर झोपते, खांद्याखाली थोडं दबलं पाहिजे. परीक्षेच्या काळात गादीवरच पुस्तकं पसरते, त्यामुळे कडा पक्क्या लागतात. आजारी पडली की पायाशी बसायला कुणीतरी लागतं, तेव्हा पायाकडची बाजू खचणारी नको. दातवाले ऐकत होते. म्हणाले, हीच द्या.

तेवढ्यात धाकटी गादीवर चढून उड्या मारायला लागली आणि ओरडली, ही माझ्या सावत्र ताईची गादी!

सगळ्या दुकानात ऐकू गेलं. मी खाली वाकून तिला समजावलं, की बाळा, असं नाही म्हणायचं, नुसतं ताई म्हणायचं. तिनं विचारलं, का? वर्गात सगळ्यांना साध्या ताया आहेत, माझीच एकटीची सावत्र आहे. दातवाले हसले. म्हणाले, घरी दिवसभर तेच चालतं, मोठीलाही मजा वाटते. मी हसलो नाही. कुणाच्या घरात काय चालवून घ्यायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. धाकटीला एक छोटी उशी फ्री दिली.

ती म्हणाली ताईची गादी. लहान मुलांची कल्पनाशक्ती मोठी असते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

कॅशवाल्या बाईंनी डिलिव्हरीचा पत्ता टाकताना विचारलं, साहेब, पाच वर्षांच्या पोरीला एवढी मोठी गादी? मी म्हटलं, दूरदृष्टी. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्ही आज लवकर घरी जा.

त्यांना घरी लवकर जायचं असलं की त्या मलाच आधी पाठवतात. ओळखून आहे मी.

शनिवार, १ मार्च

कन्या हल्ली फोनवर खोलीचं दार लावून बोलते. कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केलाय. जुनी पुस्तकं रद्दीला काढली. साफसफाई काढली असावी. मी तिला मोठं खोकं आणून दिलं, दुकानातून, जाड पुठ्ठ्याचं.

जेवताना आम्ही बोललो नाही. तसं रोजच बोलत नाही. ही बोलायची दोघांच्या वाटचं.

मोठा निर्णय: कन्येला मास्टर बेडरूम द्यायची. मी छोट्या खोलीत जाणार. पोरगी बावीस वर्षांची झाली, तिला मोठी खोली पाहिजे. अशी खोली मिळाल्यावर कुठल्या मुलीच्या तोंडून बाबा निघणार नाही? उद्या ती ड्यूटीवर असताना सरप्राइज.

रविवार, २ मार्च

सकाळी कामाला लागलो. आधी डबल गादी हलवायची होती. गादीच्या उजव्या बाजूला, म्हणजे हिच्या बाजूला, खड्डा पडलाय. असा खड्डा दाखवून मी आजपर्यंत शेकडो लोकांना नवीन गाद्या विकल्या. घरी मात्र बदलली नव्हती. चालत होती.

गादी उभी करताना टेक्निक महत्त्वाचं असतं. गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही. नवीन माणसांना मी स्वतः शिकवतो. मी कंबरेत वाकलो, कारण हिच्या बाजूची चादर गादीखालून ओढताना त्यात हिच्या केसांचा चाप अडकलेला दिसला आणि तो उचलायला गेलो.

कडाड आवाज आला. मला वाटलं पलंग मोडला.

अर्धवट आडवा, गादी अंगावर. संध्याकाळी कन्या आली तेव्हा तिनं गादीचं टोक उचललं आणि म्हणाली, हे काय करताय? मी म्हटलं, सरप्राइज.

सोमवार, ३ मार्च (झोपून लिहितोय, अक्षर वाईट)

कन्येनं मला तिच्याच हॉस्पिटलात नेलं. चाकाच्या खुर्चीतून. तिनं स्वतः ढकलली. कॉरिडॉरमध्ये सगळे तिला ओळखतात, हसतात. मला वाटलं, आज तरी. चारचौघांत ओळख करून द्यायची वेळ येते तेव्हा माणसाला शब्द काढावाच लागतो.

काउंटरवरच्या बाईंनी तिला विचारलं, पेशंट तुझे कोण?

मी पाठीच्या कळा विसरलो. कान टवकारून बसलो.

कन्या म्हणाली, माझे. मग थांबली. बाईंनी मदत केली, वडील का? ती म्हणाली, वडील नाहीत. काका? तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, नाही, तेही नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. रांगेतला एक प्लास्टरवाला म्हणाला, लवकर ठरवा की हो. कन्येनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. तिच्या ओठांवर तो शब्द होता, मला स्पष्ट दिसला. स पर्यंत आली होती. पण नियम म्हणजे नियम. इतकी वर्षं पाळलाय, तोही हिच्यासमोर, तो काय प्लास्टरवाल्यासमोर मोडायचा? मी मान हलवली. नाही म्हणून.

तिनं सांगितलं, आम्ही एका घरात राहतो.

बाई म्हणाल्या, रूममेट टाकू? कन्या म्हणाली, टाका.

प्रसंगावधान आहे पोरीत. डॉक्टर म्हणाले स्नायू आखडलाय, आठवडाभर आडवं राहा. घरी आल्यावर ती तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ चालू होता.

गुरुवार, ६ मार्च

उत्तम दिवस. रूममेटच्या प्रकारानंतर तिला वाईट वाटलं असावं, कारण रजा काढून घरी राहिली. सकाळ-संध्याकाळ माझी पाठ बघते. गुडघा छातीशी आणा, श्वास सोडा, घाबरू नका. आवाज अगदी हिचा. मी डोळे मिटून घेतो. एकदा म्हणाली, गादीवाल्याची पाठ गेली हे बाहेर कळलं तर दुकान बंद पडेल. आम्ही दोघंही हसलो. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. हसताना पाठ दुखली, तरी चालेल.

तिनं सूप केलं, ब्रेड भाजला, माझ्या पलंगाच्या पायाशी बसून जेवली. मी तिला उशीचं शास्त्र सांगितलं. पाठीवर झोपणाऱ्यानं पातळ उशी घ्यावी, कुशीवर झोपणाऱ्यानं जाड. ती म्हणाली, आई तुमच्या या लेक्चरला झोपेची गोळी म्हणायची. मला माहीत नव्हतं.

वातावरण तयार आहे. आता फक्त क्लोजिंग, म्हणजे सौदा पक्का करणं.

रविवार, ९ मार्च

कन्या आज दारात उभी राहिली नाही. सरळ आत आली आणि पलंगावर बसली. मला वाटलं आलीच वेळ.

म्हणाली, मी शनिवारी बाबांकडे राहायला जातेय.

मी म्हटलं, किती दिवस? ती म्हणाली, तसं नाही, राहायला. त्यांनी खोली केलीय. पलंग, टेबल, सगळं. गादी तर तुम्हीच दिलीत.

मी म्हटलं, हो, मला कल्पना होती.

मग ती बोलायला लागली. म्हणाली, इथे मला श्वास घेता येत नाही. तुम्ही चांगले आहात, खूप केलंत माझं, पण आई गेल्यापासून आपण दोघं एकमेकांसमोर बसतो आणि आपण एकमेकांचे कोण ते मला सांगता येत नाही. मैत्रिणी विचारतात घरी कोण आहे, मी विषय बदलते. परवा काउंटरवर मला लाज वाटली. तुमची नाही, माझी. मला काहीतरी म्हणायचं होतं, तुम्ही मानेनं नाही म्हणालात. मग मी काय म्हणू ते तुम्हीच सांगा.

मी म्हटलं, बाबा, पप्पा, डॅडी.

ती हसली का रडली कळलं नाही. म्हणाली, बाबा आहेत हो मला. ते मेलेले नाहीत. माझी आई मेलीय.

घरात हे वाक्य आजपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. मी तिला सांगितलं की गादीचं प्लास्टिक पूर्ण काढायचं, लोक अर्धं ठेवतात, घाम धरतो. ती म्हणाली, बरं.

शनिवार, १५ मार्च

कन्या गेली. दातवाले गाडी घेऊन आले, वर आले नाहीत, खालीच थांबले. समजूतदार माणूस. मी मास्टर बेडरूमबद्दल शेवटचं एकदा सांगून बघितलं. खिडकी मोठी आहे, उन्हं सकाळची येतात. ती म्हणाली, माहितीय, मी बघितलीय ती खोली.

जाताना दारात वळली. पुन्हा उभी राहिली, मी बघायची वाट बघत. मी बघतच होतो. म्हणाली, पाठीचे व्यायाम सोडू नका. आणि पायऱ्या उतरली.

हे कायमचं नाही असा माझा अंदाज आहे. शंभर दिवसांची ट्रायल आम्ही प्रत्येक गादीवर देतो. बरेच लोक माल परत आणतात.

मंगळवार, १८ मार्च

व्यायाम केले. ऑम्लेट केलं, दोन अंडी फोडली, एक पुरलं असतं. शेजारीण विचारत होती, मुलगी दिसत नाही. मी म्हटलं, ट्रान्सफर झालीय. संपूर्ण खोटं नाही.

हेडबाईंना फोन करून बातमी दिली. वाटलं होतं, बघ, मी सांगितलंच होतं, असं म्हणतील. त्यांनी विचारलं, एकटा जेवतोस का रे? मी म्हटलं, नेटवर्क नाही.

मंगळवार, २५ मार्च

फोन आला नाही. मेसेज आला: लाईट बिल भरलंत का. मी लिहिलं, हो. तिनं अंगठा पाठवला.

डबल गादी पॅसेजमध्ये उभी करून ठेवलीय. मी छोट्या खोलीत कन्येच्या जुन्या गादीवर झोपतो. पायाकडची बाजू खचलेली आहे. मीच खचवली, तिच्या तापात बसून बसून.

एक आयडिया आहे. आमच्याकडे विक्रीनंतरची सेवा असते. म्हणजे कागदावर असते, कुणी करत नाही. मॅनेजरनं स्वतः जाऊन गादी तपासली तर गिऱ्हाइकाला किती बरं वाटेल! रविवारी जातो. क्वार्टरही संपत आलाय.

रविवार, ३० मार्च

गेलो होतो. शर्ट इस्त्रीचा घातला. बोलायचं ठरवून गेलो होतो: बाबा नको, हवं ते म्हण, काहीच नाही म्हटलंस तरी चालेल, फक्त रविवारी ये.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. दातवाल्यांची आई. मागच्या आठवड्यातच आल्यात मुलाकडे राहायला, आम्ही कधी एकमेकांना बघितलेलं नाही. त्यांनी विचारलं, कोण आपण?

साधा प्रश्न. उत्तर कुठून आणू? बाबा म्हणावं तर त्यांचा मुलगा ते आहे. हिचा नवरा म्हणावं तर ही नाही. तो दुसरा शब्द मी घरात येऊ दिला नाही, तो आता परक्याच्या दारात कसा तोंडात यायचा? आजी वाट बघत होत्या. मी म्हटलं, गादीवाला. सर्व्हिसला आलोय.

त्यांनी आत घेतलं. घरी बाकी कुणी नव्हतं, सगळे धाकटीच्या शाळेच्या कार्यक्रमाला गेलेले, कन्यासुद्धा. खोली छान आहे. खिडकी आमच्यापेक्षा लहान. टेबलावर हिचा फोटो. आमच्या घरातलाच, मी शोधत होतो तो. गादीचं प्लास्टिक पूर्ण काढलेलं होतं.

मी गादी तपासायला लागलो आणि आजी खुर्ची ओढून बसल्या. बोलक्या आहेत. म्हणाल्या, पोरगी आईवाचून सुकलीय, पण सावत्र बापानं तिला फुलासारखं जपलं हो. मी कडा दाबत होतो. म्हणाल्या, रोज जेवताना एकदा तरी त्यांचं निघतंच. माझे सावत्र बाबा असं म्हणायचे, माझे सावत्र बाबा तसं करायचे. मी तापले की माझे सावत्र बाबा पायाशी बसून असायचे. कुणी त्या माणसाला वावगं बोललेलं तिला खपत नाही. पाठीवर झोपणाऱ्यानं पातळ उशी घ्यावी असं ते म्हणायचे म्हणे, म्हणून माझीसुद्धा उशी बदलली तिनं. तेव्हापासून मान दुखत नाही बघा.

मी गुडघे टेकून गादीखाली बघत होतो. उठता येईना. पाठीमुळे.

आजींनी विचारलं, त्यांचंही गाद्यांचंच दुकान आहे म्हणे, तुमच्या ओळखीचे असतील? सांगायला तोंड उघडलं. पण आत गादीवाला म्हणून शिरलो होतो, आता काय सांगणार! म्हटलं, एकाच लाइनमध्ये आहोत, तोंडओळख आहे. त्या म्हणाल्या, भेटले तर सांगा त्यांना, पोरीचं बरं चाललंय.

म्हटलं, सांगतो.

पुन्हा कधी येणार तपासायला, असं त्यांनी निघताना विचारलं. मी गादी सगळीकडून बघितली होती. कुठे दबलेली नाही, कडा पक्क्या, माल एक नंबर. खोटं कसं बोलणार, धंद्याचा प्रश्न आहे. म्हटलं, यायची गरज नाही.

येताना बसमध्ये रडू आलं. थांबेना. शेजारच्या बाईंनी घाबरून विचारलं, कोण गेलं हो? म्हटलं, बायको. त्या हळहळल्या. म्हणाल्या, कधी? म्हटलं, ऑगस्टमध्ये.

त्यांनी जरा विचार केला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.